खान्देशच्या उन्हात बारा वर्षं टिकणारी सेडान कशी निवडावी

प्रश्न पारोळ्याहून आला आहे. घरात पाच माणसं, महिन्याचं रनिंग हजार ते बाराशे किलोमीटर. त्यातलं बरंचसं धुळे आणि जळगावच्या हायवेवर, शिवाय वर्षातून दोन-तीनदा पुणे किंवा सुरत. बजेट ऑन-रोड दहा लाखांपर्यंत, आणि गाडी किमान बारा वर्षं बदलायची नाही. मारुती डिझायर, होंडा अमेझ, ह्युंदाई ऑरा, टाटा टिगोर यांपैकी एखादी नवी घ्यावी, की तेवढ्याच पैशात चार-पाच वर्षं वापरलेली होंडा सिटी? पेट्रोल घ्यावी की सीएनजी?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. नवी घेणार असाल तर डिझायर किंवा अमेझ घ्या. पेट्रोलची, हाताने गिअर टाकायची आणि मधल्या मॉडेलची. वापरलेली सिटी १.५ पेट्रोल मॅन्युअलही उत्तम ठरू शकते, पण खाली दिलेल्या तपासण्यांत ती पास झाली तरच. सीएनजीचं गणित तुमच्या रनिंगला जेमतेम बसतं, त्यामुळे पंप तुमच्या रोजच्या वाटेवर नसेल तर तो विचार सोडून द्या.

आता कारणं. गाडीची माहितीपत्रकं सगळ्या देशासाठी एकच छापतात, पण गाडी चालणार आहे आपल्याकडे. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ वर जातो. इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, साधारण ९५ अंशांवर फिरतं असं धरा. डिसेंबरच्या सकाळी बाहेर १२ अंश असतील तर कूलंट आणि हवेत ८३ अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात दुपारी तोच फरक ५० वर येतो. म्हणजे हे कूलंट गार करणारा तोच रेडिएटर तेवढ्याच वाऱ्यात जवळपास चाळीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. थंड गावात दहा वर्षं लपून राहणारं दुखणं, म्हणजे अर्धवट बुजलेला रेडिएटर, मंद फिरणारा पंखा, झाकणाचं कडक झालेलं रबर, आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात बाहेर येतं. जोडीला काळ्या मातीची बारीक धूळ आणि बोअरचं जड पाणी आहेच. या तिन्हींना पुरून उरेल असं साधं इंजिन हवं, आणि ते सांभाळणारा जाणता मिस्त्री जवळ हवा. निवडीचा पाया एवढाच आहे.

साधं इंजिन म्हणजे काय? टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर फवारणारं, आणि टायमिंग चेनचं. छोटं टर्बो इंजिन चालवायला मजा देतं यात शंका नाही. पण टर्बोची बेअरिंगं इंजिनाच्याच ऑइलवर जगतात. गाडी हायवेवरून ताणून आणून लगेच बंद केली तर ते ऑइल टर्बोतच करपतं. थेट फवारणीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचत जातो. तीन-चार वर्षांत गाडी विकणाऱ्याला याची झळ लागत नाही. बारा वर्षं ठेवणाऱ्याला नक्की लागते. म्हणून स्लाव्हिया, व्हर्टस किंवा व्हर्नाची टर्बो गाडी कितीही देखणी असली तरी या प्रश्नाच्या उत्तरात मी ती धरत नाही. व्हर्नाचं टर्बो नसलेलं १.५ चांगलं आहे, पण नवं घ्यायचं तर दहा लाखांत बसत नाही.

बजेटचा मुद्दा इथेच संपवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वर ११ टक्के रोड टॅक्स लागतो. चार मीटरच्या आतली सेडान आणि सिटी-व्हर्नासारखी मोठी सेडान यांच्या किमतीतल्या अंतराचा बराच भाग या करांचा आहे. वापरलेली मोठी सेडान घेताना तो कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. सिटीचा विचार करावासा वाटतो तो त्यामुळेच.

डिझायरची चौथी पिढी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. आधीचं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं १.२ लिटर आलं, ताकद सुमारे ८२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). आयडलिंगला थोडी थरथर जाणवते आणि पाच माणसं बसवून चढ चढताना एक गिअर खाली घ्यावा लागतो. पण अॅव्हरेज खरोखर चांगलं मिळतं. कागदावरचा आकडा २४.७९ आहे. एसी लावून हायवेला ८०-९० च्या वेगात २० ते २२ धरायला हरकत नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत या पिढीला पाच तारे मिळाले, जे आधीच्या डिझायरला कधीच जमलं नव्हतं. सहा एअरबॅग आणि ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) खालच्या मॉडेलपासून आहेत, म्हणून सुरक्षेसाठी वरचं मॉडेल घ्यायची गरज उरलेली नाही.

अमेझची तिसरी पिढी डिसेंबर २०२४ ची. इंजिन चार सिलिंडरचं १.२ आय-व्हीटेक, ९० पीएस, आणि तेच इंजिन या गाडीत कित्येक वर्षं चालत आलेलं आहे. गुळगुळीत चालतं आणि फारसं बिघडत नाही. कागदावर १८.६५, हायवेला हाती येतात १७ ते १९. डिक्की ४१६ लिटरची, डिझायरची ३८२. जमिनीपासूनची उंची १७२ मिलिमीटर, डिझायरची १६३. पाच माणसं आणि लग्नाचं सामान भरून गावातल्या गतिरोधकावरून जाताना हे नऊ मिलिमीटर कळतात. होंडाच्या या इंजिनात व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला टॅपेट सेटिंग म्हणतात ते, अधूनमधून तपासावं लागतं. काम लहान आहे, पण ते इंजिन पूर्ण गार असताना आणि फीलर गेजनेच, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनीच, व्हायला हवं. कानाने अंदाज घेऊन टॅपेट आवळणाऱ्याला बोनेट उघडू देऊ नका. टॅपेट जास्त आवळलं गेलं की आवाज बंद होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कडा जळते आणि वर्षभरात कॉम्प्रेशन जातं.

ऑराचं चार सिलिंडरचं १.२ कप्पा इंजिनही भरवशाचं आहे. दोन्ही गाड्यांपेक्षा तिचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ पडत असेल तर खुशाल घ्या. टिगोरचा पत्रा भक्कम आहे, इंजिन मात्र या चौघींत सगळ्यांत खडबडीत. तिची खरी सोय सीएनजीत आहे. एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिक्कीच्या तळाशी बसवल्यामुळे सामानाला जागा उरते.

सर्व्हिस सेंटरबद्दल एक बोलायला हवं. जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे हे सगळे विचारतात. तुम्ही दुसऱ्या क्रमांकाचं जवळचं सेंटर किती लांब आहे तेही बघा, कारण पहिल्याशी वाद झाला, तिथला चांगला माणूस सोडून गेला किंवा ते बंदच पडलं तर बारा वर्षांत दुसऱ्या दारी जावं लागणारच. वॉरंटीनंतर गाडी गावातल्या मिस्त्रीकडे जाणार असेल तर त्याच्याकडे त्या कंपनीचं स्कॅनर आहे का, आणि क्लच प्लेट, लोअर आर्म, पुढचे शॉकअप हे सुटे भाग जळगाव किंवा धुळ्यात त्याच दिवशी मिळतात का, हे आत्ताच विचारा. या कसोटीवर मारुती सगळ्यांच्या पुढे आहे.

आता पैसे. गाडी दहा वर्षांत १ लाख २० हजार किलोमीटर चालेल आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर राहील असं धरू. १८ च्या अॅव्हरेजला ६,६६७ लिटर, म्हणजे ७ लाख रुपये. १५ च्या अॅव्हरेजला ८,००० लिटर, म्हणजे ८ लाख ४० हजार. तीन किलोमीटरच्या फरकाचे दहा वर्षांत १ लाख ४० हजार होतात. आता कर्ज बघा. साडेनऊ टक्क्यांनी सात लाख घेतले आणि पाच वर्षांत फेडले तर हप्ता १४,७०० च्या आसपास आणि एकूण व्याज १ लाख ८२ हजार. तेच सात वर्षांवर नेलं तर हप्ता ११,४४० होतो, पण व्याज २ लाख ६१ हजारांवर जातं. निव्वळ मुदत वाढवल्याने ७९ हजार गेले. वर सनरूफसाठी लाखभर जादा मोजले तर अॅव्हरेजमधून वाचवलेलं सगळं तिथेच संपलं. आणि काचेच्या छताखाली मे महिन्यात एसीला जास्तच राबावं लागतं. गाडीही पांढरी किंवा चंदेरी घ्या. उन्हात उभी राहिल्यावर आत किती तापते यात खरोखर फरक पडतो.

सीएनजीसाठी गाडीमागे साधारण ९५ हजार जादा जातात असं धरा. १८ च्या अॅव्हरेजला पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २६ किलोमीटर धरलं तर ३ रुपये ४६ पैसे. किलोमीटरमागे २ रुपये ३७ पैसे वाचतात, म्हणजे जादा दिलेले पैसे वसूल व्हायला ४० हजार किलोमीटर लागतात. तुमच्या रनिंगला हे तीन वर्षं झाले. कागदावर बरं दिसतं. पण आणखी पाच गोष्टी मोजा. पंप वाकडी वाट करून असेल आणि रांगेत अर्धा तास जात असेल तर ती बचत वेळेत जाते. उन्हाळ्यात टाकी तापलेली असताना तेवढ्याच दाबाला गॅस वजनाने कमी भरला जातो, त्यामुळे जानेवारीत एका भरण्यात जितकं चालता तितकं मे महिन्यात चालता येत नाही. ताकद कमी होते. डिझायरचे ८२ पीएस सीएनजीवर ७० च्या खाली येतात, आणि पाच माणसं घेऊन कन्नडचा घाट चढताना ते जाणवतं. डिक्कीत बॅग ठेवायची तर टाकीच्या कडेने खोचावी लागते. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी कायद्याने बंधनकारक आहे. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला मी डोळे झाकून सीएनजी सांगेन, पण कंपनीतून बसवून आलेलीच. बाहेरून किट बसवल्यास वॉरंटी वादात सापडते, आणि आरसी व विम्यावर नोंद करायची राहून गेली तर अपघाताच्या वेळी क्लेम अडतो. सीएनजीवर प्लग आणि एअर फिल्टर यांत हयगय चालत नाही. गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त ताकदीची ठिणगी लागते. प्लग झिजलेला असेल तर सगळा ताण इग्निशन कॉइलवर येतो आणि ती मरते.

डिझेलचा प्रश्न नव्या गाडीत उरलेलाच नाही. डिझायरचं डिझेल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बंद झालं, अमेझ आणि व्हर्नाचं २०२३ मध्ये. जुनी डिझेल घ्यायची तर पंधरा वर्षांच्या नोंदणीतली उरलेली वर्षं मोजा. बारा वर्षं ठेवायची म्हणता तर ती बहुधा पुरत नाहीत आणि पुढे नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं; वापरलेल्या सिटीलाही हेच लागू आहे.

गिअरबॉक्स मॅन्युअल का? क्लच प्लेट संपली की गावातला मिस्त्री एका दिवसात बदलतो, म्हणून. घरात कोणाच्या गुडघ्याचा त्रास असेल आणि ऑटोमॅटिक हवीच असेल तर अमेझची सीव्हीटी (टप्पे नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घ्या आणि तिचं ऑइल ४० हजारांना बदला. "लाइफटाइम ऑइल" या शब्दावर विसंबू नका. एएमटी आतून मॅन्युअलच असते, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. ती स्वस्त आहे आणि अॅव्हरेजही देते. पण घाटात पुढे ट्रक रांगत असताना ब्रेक सोडून अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर क्लच जळतो. चढावर हँडब्रेक लावायची सवय नसेल तर एएमटी घेऊ नका.

इथेनॉलचं विचारलं नाहीत, पण पेट्रोल घेणार तर हे माहीत हवं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. अॅव्हरेज थोडं उतरलं म्हणून इंजिन उघडायला निघू नका. नव्या गाड्या ई-२० धरूनच बनतात. वापरलेल्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि पंपाचं सील तपासून घ्या. होंडाने २००९ पासूनच्या आपल्या गाड्यांचं साहित्य ई-२० ला चालतं असं सांगितलेलं आहे, तरी दहा वर्षांचं रबर ते रबरच. इथेनॉल पाणी ओढतं. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, भरून ठेवा.

आता वापरलेली सिटी. ती बघायला सकाळी उजाडताच जा, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. गार असेल तर रेडिएटरचं झाकण उघडा. हे गार इंजिनावरच करायचं, गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. झाकणाच्या आतलं रबर बोटाने दाबून बघा. ते मऊ आणि अखंड हवं. मग आत बघा. कूलंटचा हिरवा, निळा किंवा गुलाबी रंग स्वच्छ दिसला पाहिजे. चहासारखं तांबूस पाणी असेल, किंवा तोंडाशी पांढरा खडूसारखा थर असेल, तर त्या गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं गेलं आहे. तो थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही आहे आणि सिलिंडर हेडच्या वाटांतही. कूलंटवर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट साका दिसला तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेडखालचं सील, फाटल्याचा संशय घ्या आणि तिथूनच परत फिरा.

झाकण लावून गाडी सुरू करा आणि तळहात रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर ठेवा, पंख्यापासून बाह्या सांभाळून. पहिली काही मिनिटं होज गारच राहायला हवा. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडतो आणि एकाएकी गरम लाट हाताखालून जाते. होज पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे. "आपल्या उन्हात त्याची गरज नाही" असं म्हणत तो काढणारे मिस्त्री अजून आहेत, आणि खान्देशातल्या गाड्यांचं याने फार नुकसान झालं आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. अॅव्हरेज पडतं, जादाचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर झिजतो. इतकं करून ज्या कारणाने गाडी तापत होती, तो बुजलेला रेडिएटर किंवा मेलेला पंखा, तसाच राहतो.

नंतर एसी पूर्ण लावून गाडी दहा-पंधरा मिनिटं उभीच चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा सुरू झाला पाहिजे आणि तापमानाचा दिवा लागता कामा नये. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचा. बाहेर चाळीसच्या वर असताना, हवा आतल्या आत फिरवत, गाडी धावती ठेवल्यावर तो १५ अंशांच्या खाली यावा. मग टेस्ट ड्राइव्ह, काच खाली करून, खडबडीत रस्त्यावर. पुढून कट-कट आवाज आला तर लिंक रॉड किंवा बुश, तो खर्च किरकोळ. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले पण वेग चढला नाही तर क्लच संपला आहे.

मीटरवर ४० हजार दाखवतात, पण ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं आणि स्टिअरिंग चमकत असतं. तेव्हा सर्व्हिस रेकॉर्ड मागा. कंपनीच्या सेंटरला नंबरवरून प्रत्येक भेटीचं रनिंग दिसतं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०२१ ची, रनिंग २५ हजार आणि टायर २०२४ चे, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

आपण गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहोत, त्यामुळे सुरत आणि इंदूरकडच्या गाड्या आपल्या बाजारात स्वस्त दिसतात. त्यांना मूळ आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरून किंमत ठरवा. समुद्राकाठच्या गाडीचा खालचा पत्रा, सायलेन्सरचे जोड आणि दाराच्या खालच्या कडा गंजल्यात का ते लिफ्टवर चढवून बघा. सीट बेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा. मुळाशी चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे, अशा गाडीची वायरिंग पुढची सगळी वर्षं छळते. कर्ज असलेल्या गाडीसाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

गाडी कोणतीही आली तरी तिची खरी बारा वर्षं पुढच्या सवयींत आहेत. ऑइल दर १० हजारांना किंवा वर्षाने, यातलं जे आधी येईल तेव्हा. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच वापरा. नवीन इंजिनं ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइलसाठी बनलेली आहेत. "उन्हात जाड ऑइल बरं" म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं तर सकाळी सुरू करताना ते वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि झीज नेमकी तेव्हाच होते. डिपस्टिक महिन्यातून एकदा बघा.

कूलंट कंपनीचं, तयार मिसळलेलं घ्या. घट्ट कूलंट मिळालं तर त्यात बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळा, नळाचं किंवा बोअरचं अजिबात नको. एक लिटर तयार कूलंट डिक्कीत ठेवा. ते नसलं की हायवेवर ढाब्याचं पाणी घालायची वेळ येते. आलीच तर घाला, इंजिन वाचवा, पण घरी आल्यावर सगळं काढून फ्लश करून घ्या.

एअर फिल्टर दर ५ हजारांना काढून झटका. कंपनीचा आकडा डांबरी रस्त्याचा आहे, शेतरस्त्याचा नाही. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि जिनिंगच्या आसपास उडणारी रुई कंडेन्सरच्या जाळीत जाऊन बसते आणि वर धुळीचा लेप चढतो. फेब्रुवारी संपताना पुढचा बंपर किंवा ग्रिल काढून, साध्या पाइपने, आतून बाहेरच्या दिशेने ते धुऊन घ्या. प्रेशर पंपाची धार जवळून मारली तर कंडेन्सरच्या पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. हे एक काम वेळेवर केलं की एसीत गॅस कमी झाल्याच्या निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

बॅटरी थंडीत दगा देते असं वाटतं, पण तिला मारतं ऊन. तीन वर्षांनंतर दर मार्चमध्ये तपासा. रात्रभर उभ्या गाडीला १२.५ व्होल्टच्या आसपास आणि सुरू इंजिनावर १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी हायवेवरून आल्यावर चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच. घाबरून ती काढली तर सकाळी टायर कमी हवेवर असतो, कडा वाकत राहतात, तापतात आणि फुटतात. आपल्या हायवेवरचे मे महिन्यातले टायर फुटण्याचे अपघात बऱ्याचदा असेच घडतात. सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. माणसं बसतात त्या गाडीत इथे काटकसर करायची नाही.

पिकं निघाल्यावर उंदीर घराकडे येतात आणि गरम बोनेटखाली बसतात. गाडी धान्याच्या पोत्यांपासून लांब लावा, रात्री बोनेट उघडं ठेवून गाडी गार होऊ द्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा टॉर्चने इंजेक्टरच्या वायरी बघा. विमा घेताना झिरो डेप (क्लेममधून भागांचा घसारा न कापणारं कवच) आणि इंजिन प्रोटेक्शन पहिली पाच वर्षं ठेवा.

शोरूमला शेवटचा होकार देण्याआधी डिझायर आणि अमेझ दोन्ही दुपारी दोन ते चारच्या दरम्यान चालवा, पाचही माणसं बसवून. मागे मधे बसणाऱ्याला पाय कुठे ठेवता येतात ते त्यालाच विचारा. ताबा घेताना चॅसिस नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहून घ्या, टायरचे आठवडे आणि बॅटरीची तारीख जुळवा, रंगाचे फोटो उजेडात काढा. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर मूळ तीन वर्षं संपायच्या आत घ्या, आणि ती टिकवायची तर प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलला लावत चला.